गोदापात्रातील नौकामार्ग आणि पूर : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नाशिकला गोदावरीच्या पात्रात सोमेश्वर धबधब्याखालपासून आनंदवल्लीपर्यंत वेगवान पाण्यातील नौकानयनासाठी मार्ग करता येईल, असे मी मागील लेखात सुचवले होते. त्यावर आपण लिहिले आहे की, जिथे दर दोन-चार वर्षांनी सराफ बाजारात पाणी शिरते तिथे पात्रात दगड आणि काँक्रीट रचणे म्हणजे पुराच्या वाटेत स्वतःच अडथळा उभा करणे होय, आणि ‘पावसाळ्यात मार्ग बंद राहील’ या माझ्या एका वाक्याने हा प्रश्न सुटत नाही. आपला आक्षेप रास्त आहे. त्या वाक्यात मी फक्त नावेत बसणाऱ्यांचा विचार केला होता. काठावर राहणाऱ्यांचा केला नव्हता. मार्ग बंद केला म्हणून पात्रात रचलेले दगड नाहीसे होत नाहीत.

आधी प्रमाण पाहू. सिडनी ऑलिंपिकसाठी पेनरिथ येथे बांधलेल्या मार्गात सेकंदाला सुमारे 14 घनमीटर पाणी सोडले जाते, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत साधारण 500 क्युसेक (सेकंदाला घनफूट). स्पर्धेसाठी एवढा प्रवाह पुरतो. नाशिकच्या वरच्या बाजूला असलेल्या गंगापूर धरणाचा विसर्ग 10,000 क्युसेकवर गेला की तो याच्या वीसपट होतो, आणि मोठ्या पुरात तो त्याहूनही वर जातो. 500 क्युसेकला नीट खेळता यावे म्हणून अरुंद केलेले पात्र या पाण्याला पुरत नाही. पाणी अडते, मागे फुगवटा येतो आणि वरच्या बाजूच्या काठांवर पातळी चढते. होळकर पुलाखालच्या बंधाऱ्याला यांत्रिक दरवाजे बसवण्याचे काम हाती घेतले गेले, त्यामागे हाच विचार होता : कायमची भिंत पुरातही अडते, दरवाजा उघडता येतो. रामकुंड परिसरातील तळाचे काँक्रीट काढावे यासाठी नाशिककर इतकी वर्षे झगडत असताना वरच्या बाजूला मी नवे काँक्रीट सुचवावे, हे मला आता योग्य वाटत नाही.

म्हणून माझी सूचना मी बदलतो. मार्ग मुख्य पात्रात नसावा. तो काठालगत वेगळा खोदलेला चर असावा, त्याच्या तोंडाशी दरवाजा असावा आणि पुराच्या वेळी मुख्य पात्राची रुंदी एका फुटानेही कमी होऊ नये. इंग्लंडमध्ये बेडफर्डजवळ कार्डिंग्टन येथे 1982 मध्ये सुरू झालेला मार्ग तर पुराचे पाणी वळवणाऱ्या कालव्यातच केलेला आहे. तिथे खेळाच्या सोयीमुळे पुराची वाट कमी झाली नाही, उलट तो मार्ग पूरनियोजनाचाच भाग आहे. आपल्याकडे नदीपात्रापासून निळ्या पूररेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध क्षेत्र आहे आणि ही रेषा 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराच्या हिशेबाने आखली जाते. त्यामुळे तिकीटघर, नावांचे कोठार, विजेचे पंप असे काहीही या रेषेच्या आत येता कामा नये. चरातले अडथळेही पावसाळ्याआधी उचलून नेता येतील असेच हवेत.

दरवाजा लावला की काम संपले, असेही नाही. पुरात पाण्याबरोबर पाणवेलींचे थर, झाडांच्या फांद्या आणि ओंडके वाहून येतात. नाव ज्यांच्यामधून काढायची त्या, तारांवर टांगलेल्या काठ्या आणि पात्रातले दगड यांत ते अडकले की काही वेळात तिथे बांध तयार होतो, आणि फांद्यांच्या अशा जाळीत प्रवाहाबरोबर आलेला माणूस दाबला जातो. त्याहून फसवे असते ते लहान बंधाऱ्याखालचे पाणी. थोड्या प्रवाहात ते निरुपद्रवी दिसते. प्रवाह वाढला की बंधाऱ्याच्या पायथ्याशी पृष्ठभागावरचे पाणी उलटे, बंधाऱ्याकडे वाहू लागते. त्यात सापडलेला माणूस जीवरक्षक जाकीट असूनही पुन्हा पुन्हा भिंतीकडेच ओढला जातो. आणखी पाणी वाढले की बंधारा पूर्ण बुडतो आणि हा उलटा प्रवाह नाहीसाही होऊ शकतो. म्हणजे सर्वांत मोठा धोका ऐन महापुरातच असतो असे नाही. पाणी चढत असताना, मधल्या पातळीलाही तो असतो, आणि नेमक्या त्याच वेळी उत्साही मंडळींना पाणी ‘चांगले’ वाटते. त्यामुळे मार्ग बंद करण्याची पातळी पावसाळ्याच्या तारखेवर ठरवून चालणार नाही. ती काठावरच्या मोजपट्टीवर लाल रंगात रंगवलेली असली पाहिजे.

विसर्गाची सूचना येईलच, असे आपल्या प्रतिक्रियेखाली आणखी एका वाचकाने लिहिले आहे. त्या सूचनेवरच विसंबणे मला धोक्याचे वाटते. धरणाचे दरवाजे बंद असतानाही धरणाखालच्या क्षेत्रात जोराचा पाऊस झाला की नाल्यांचे पाणी थेट नदीत येते आणि त्याची सूचना कोणी देत नाही.

आपली एक गोष्ट मात्र मला मान्य नाही. पूर येतो म्हणून नदीवर नौकानयन नकोच, असा आपला सूर आहे. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ 2016 च्या रिओ ऑलिंपिकपर्यंत वल्हे मारत पोहोचले. त्यांच्या नाशिक जिल्ह्यातील मुलांना पाण्यापासून दूर ठेवणे हा सुरक्षेचा मार्ग नव्हे. शांत पाण्यातील सराव गंगापूरच्या जलाशयात करता येतो, मात्र सांडव्याच्या दरवाजांपासून पुरेशा अंतरावर तरंगता अडसर हवा. वेगवान पाण्याच्या मार्गासाठी आधी दिंडोरी रस्त्यावरील ‘मेरी’सारख्या (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) संस्थेत नदीचे लहान प्रतिरूप करून पाहावे आणि अडथळे जागेवर असताना पुराची पातळी किती चढते हे मोजावे. ती वाढत असेल, तर प्रकल्प तिथेच थांबवावा, असे मी मूळ लेखात आज जोडले आहे.

2019 च्या पुरात आपल्या दुकानाच्या भिंतीवर राहिलेल्या पाण्याच्या खुणेचा उल्लेख आपण केला आहे. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीपर्यंत पाणी, गळ्यापर्यंत पाणी असा पूर आपण वर्षानुवर्षे मोजत आलो. तशीच ही खूणही मोलाची आहे. तिची उंची आणि दुकानाचे जोते रस्त्यापासून किती वर आहे, एवढे मोजून कळवलेत तर प्रतिरूपाचा हिशेब प्रत्यक्ष पुराशी जुळतो का, हे पाहताना त्याचा उपयोग होईल. भिंतीला रंग देण्याआधी कृपया ती खूण जपून ठेवावी.