कोर्टातलं लॅटिन पक्षकाराला कळलंच पाहिजे

तालुक्याच्या कोर्टात सकाळपासून बसलात तर लॅटिन सारखं कानावर पडतं. स्टेटस को, एक्स पार्टी (एकतर्फी), कॅव्हिएट (मला ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका, असा आधीच दिलेला अर्ज), लोकस स्टँडाय (दाद मागण्याचा हक्क), सुओ मोटो (कोर्टाने स्वतःहून). आम्हा वकिलांच्या तोंडी ते इतकं रुळलंय की लॅटिन बोलतोय हेही जाणवत नाही. ज्याची जमीन किंवा ज्याचा मुलगा त्या शब्दात अडकलाय, तो मात्र मागच्या बाकावर गप्प बसलेला असतो. हे मला मान्य नाही, आणि वकिली करत असलो तरी मी हे उघडपणे म्हणणार आहे.

स्टेटस कोचंच घ्या. बांधाच्या वादात दोन भाऊ समोरासमोर. कोर्ट म्हणतं, पुढच्या तारखेपर्यंत स्टेटस को. वकील बाहेर येऊन सांगतो, "जैसे थे मिळालं." धाकट्याला वाटतं, ताबा माझा होता, म्हणजे माझाच राहिला. थोरलाही तेच समजून घरी जातो. पाऊस पडला की दोघांचे ट्रॅक्टर एकाच वावरात. मग पोलीस, मग बेअदबीचा अर्ज. म्हणजे नुसतं मराठी करूनही भागत नाही. ताबा कोणाचा, पेरायचं कोणी, हे आदेशात लिहिलेलं हवं. स्टेटस को म्हणजे नेमकी काय स्थिती हे न सांगता असा आदेश देणं बरोबर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये किशोरकुमार खेतान प्रकरणात बजावलं आहे. तरी असे आदेश आजही निघतात.

लॅटिन हाकलून द्या असं माझं म्हणणं नाही. त्यातल्या काही शब्दांसाठी माणसांनी किंमत मोजली आहे. हेबियस कॉर्पस म्हणजे कोंडलेल्या माणसाला न्यायाधीशापुढे आणा आणि कुठल्या अधिकारात कोंडलंत ते सांगा. आपल्या राज्यघटनेच्या कलम ३२ आणि २२६ मध्ये हा शब्द जसाच्या तसा आहे. आणीबाणीत, एप्रिल १९७६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी ठरवलं की स्थानबद्धाला हे दार सध्या बंद. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात उभे राहिले. पुढे ज्येष्ठता असूनही त्यांना सरन्यायाधीशपद नाकारलं गेलं. त्या चौघांत आपले न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ च्या खासगीपणाच्या निकालात तो निर्णय चुकीचा होता असं लिहून रद्द ठरवला गेला, आणि हे लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड म्हणजे त्यांचेच चिरंजीव.

यशवंतरावांचंच दुसरं निकालपत्र मात्र मी प्रत्येक नव्या ज्युनिअरला वाचायला लावतो. ऑडी आल्टेराम पार्टेम, म्हणजे दुसऱ्या बाजूचंही ऐका. १९८१ मध्ये मुंबईच्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवायचं ठरलं. महापालिकेच्या कायद्यात नोटिशीशिवाय अतिक्रमण काढायची तरतूद होतीच. ऐकून घेऊन फरक काय पडणार, असा पालिकेचा युक्तिवाद. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात न्यायालयाने तो फेटाळला. तरतूद वैध ठरली, पण माणसाचं म्हणणं ऐकणं हा नियम आणि न ऐकणं हा अपवाद, असं सांगितलं. झोपड्या वाचल्या नाहीत, पावसाळ्यापुरता वेळ मिळाला. पण आज कोणाच्याही घरावर पालिकेची नोटीस न येता जेसीबी आला, तर आम्ही ह्याच तीन शब्दांवर उभे राहतो. हे झोपडीतल्या माणसाला माहीत नको?

इंग्लंडनेच १९९९ मध्ये दिवाणी नियम बदलताना बरंचसं लॅटिन काढून सोपी इंग्रजी आणली. आपल्याकडे तालुका-जिल्हा कोर्टांची भाषा मराठी आहे, तरी आपण एक्स पार्टीच म्हणतो.

तर वकील मित्रांनो, एवढं करा. आदेशाची नक्कल हातात देताना तिच्या मागे मराठीत दोन ओळी लिहा: काय करायचं, काय करायचं नाही, कधीपर्यंत. कॅव्हिएट ९० दिवसच टिकतं, तेही लिहा. आणि पक्षकारांनो, तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर तो रद्द करून घ्यायला निकालाच्या तारखेपासून ३० दिवस असतात. समन्स नीट बजावलंच नसेल तर निकाल कळल्यापासून ३० दिवस. वकिलाला शब्दाचा अर्थ विचारताना संकोच करू नका. सांगणं हे त्याचं कामच आहे.