बिघडलेल्या शस्त्रक्रियेवर इम्प्लांटचा ‘कायमचा’ उतारा

‘स्तनांची पहिली सौंदर्य-शस्त्रक्रिया बिघडली तरी काळजी नको, आत जागा तयार असतेच, इम्प्लांट बसवले की एकाच बैठकीत सारे कायमचे सुधारते आणि काही फुटले-तुटले तर लगेच कळते,’ असा मजकूर सर्रास फिरतो आहे. इम्प्लांटने, म्हणजे स्तनात बसवायच्या सिलिकॉनच्या किंवा मिठाच्या पाण्याच्या पिशवीने, काहींना खरोखर चांगला परिणाम मिळतो, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या मजकुरातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

‘जागा तयार असते’ हे त्यातले सर्वांत फसवे विधान. स्तन लहान करताना किंवा उचलताना स्तनाग्राला रक्त पुरवणारा ऊतींचा ठरावीक पट्टा शाबूत ठेवलेला असतो, आणि तो वरून ठेवला की खालून, हे बाहेरच्या व्रणावरून खात्रीने सांगता येत नाही. नवा छेद नेमका त्या पट्ट्यातून गेला, तर स्तनाग्राचा भाग मृत होऊ शकतो. म्हणूनच पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणे हाती नसताना तारीख देणारा सर्जन मला तरी घाईचा वाटतो. पूर्वी चरबी भरली असेल, तर मृत चरबीच्या गाठी आणि त्यांत साठलेले कॅल्शियम आधी तपासून घ्यावे लागते. जेल टोचले असेल, तर ते आधी काढावे लागते, आणि ते पूर्ण निघेलच असे नाही.

एका बैठकीचे म्हणावे, तर जंतुसंसर्ग झालेला असल्यास बहुधा जुने इम्प्लांट काढून काही महिने थांबावे लागते.

‘कायमचे’ हा शब्द तर आकडेच खोडून काढतात. अमेरिकेतील एका कंपनीच्या सिलिकॉन इम्प्लांटच्या 10 वर्षांच्या पाहणीत, प्रथमच इम्प्लांट बसवलेल्या सुमारे 36 टक्के स्त्रियांवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली; जुने बदलून घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे 46 टक्के होते. केवळ आकार बदलून हवा म्हणून झालेल्या शस्त्रक्रियाही यात धरल्या आहेत, हे खरे. पण इम्प्लांटभोवतीचे आवरण आकसून स्तन टणक होण्याचे प्रमाणही दुसऱ्या गटात अधिकच होते.

सलाईनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे, इम्प्लांट फुटले की स्तन बसतो, त्यामुळे ते कळते. सिलिकॉनचे मात्र फुटूनही अनेकदा हाताला काहीच लागत नाही. त्यामुळे लक्षणे नसली तरी 5 ते 6 वर्षांनी आणि नंतर दर 2 ते 3 वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी करावी, असे अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन सांगते.

पहिले इम्प्लांट खरबरीत पृष्ठभागाचे होते का, हेही विचारून घ्यावे. त्यांच्याशी निगडित दुर्मीळ लिम्फोमामुळेच (रोगप्रतिकारक पेशींच्या कर्करोगामुळेच) 2019 मध्ये ‘बायोसेल’ या खरबरीत पृष्ठभागाची इम्प्लांट बाजारातून परत घेतली गेली. इम्प्लांट बसवून वर्ष उलटल्यावर एका बाजूला अचानक सूज आली, तर साठलेला द्रव नुसता काढून टाकू नये. त्याची सीडी30 तपासणी, म्हणजे या लिम्फोमाच्या पेशींची खूण शोधणारी तपासणी, करून घ्यावी, आणि तिचा निकाल येईपर्यंत इम्प्लांट बदलण्याचा बेत पुढे ढकलावा.