मंगळवारची संध्याकाळ, शाळेची जिम आणि आठवा माणूस

परवा मंडळाच्या कार्यक्रमात एका मैत्रिणीने विचारलं, अगं तू दर दोन वर्षांनी ते कॉकस की काय त्याला जातेस, वर उन्हाळ्यात प्रचारासाठी लोकांची दारं ठोठावत फिरतेस, तुला त्यातून मिळतं काय? तिथे चहाच्या रांगेत उभं राहून नीट सांगता आलं नाही, घरी आल्यावर डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितेय. लांबलचक होणार आहे, पण वाचा, विशेषतः इथे मिनेसोटात राहणाऱ्यांनी आणि ज्यांच्याकडे आता सिटिझनशिप आहे त्यांनी.

कॉकस म्हणजे आपल्या वस्तीतल्या पक्षाच्या लोकांची सभा, पक्षाचे उमेदवार ठरवायची सुरुवात तिथून होते. आपल्या बऱ्याच लोकांना कॉकस म्हटलं की आयोवा राज्य आठवतं. टीव्हीवर दिसतं ते तेच, आणि 2020 च्या फेब्रुवारीत तिथल्या ॲपचा जो घोळ झाला, निकाल किती दिवस लटकले, तेही सगळ्यांनी पाहिलंय. मिनेसोटातही 2016 पर्यंत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कॉकसमध्येच निवडायचे, पण त्या वर्षी 1 मार्चला इतकी गर्दी उसळली की शाळांबाहेर रांगा लागल्या, मतपत्रिका संपल्या, आणि मग विधिमंडळाने कायदा करून तेवढा भाग प्रायमरीकडे (म्हणजे सभेला न बसता नुसतं मत देऊन पक्षाचा उमेदवार ठरवायचा, त्याकडे) दिला. 2020 पासून ती प्रायमरी वेगळ्या दिवशी होते. तेव्हापासून लोकांना वाटतं कॉकस संपलं. नाही संपलं! आमदारकीसाठी आणि गव्हर्नरसाठी पक्षाचा पाठिंबा कुणाला, पक्षाच्या जाहीरनाम्यात काय जाईल, राष्ट्रीय अधिवेशनाला प्रत्यक्ष कोणती माणसं जातील, हे सगळं अजूनही त्याच शिडीवरून वर चढतं, आणि शिडीची पहिली पायरी म्हणजे तुमच्या घराजवळच्या शाळेतला एक वर्ग.

मी पहिल्यांदा गेले 2018 च्या फेब्रुवारीत. मंगळवार, संध्याकाळी सात, बाहेर हाडं गोठवणारी थंडी. शेजारच्या आजींनी (त्या आमच्या प्रिसिंक्टच्या, म्हणजे मतदान विभागाच्या, कन्व्हीनर, सभा सुरू करून देणाऱ्या) दारात येऊन सांगितलं होतं, फक्त ये, बस, ऐक. वर्गात आम्ही अकरा जण. भिंतीवर मुलांनी काढलेली पानांची चित्रं, आम्ही सगळे त्या छोट्या बाकांवर कोट मांडीवर घेऊन बसलेले. रजिस्टरवर सही केली, झालं, इथे पक्षाचं सदस्यत्व वगैरे आधी घ्यावं लागत नाही, त्या पक्षाची तत्त्वं साधारण पटतात एवढं म्हणायचं. मग अध्यक्ष निवडला, मग आजींनी विचारलं, सिनेट डिस्ट्रिक्टच्या कन्व्हेन्शनला डेलिगेट म्हणून कुणाला जायचंय? डेलिगेट म्हणजे प्रतिनिधी, आणि कन्व्हेन्शन म्हणजे शिडीची पुढची पायरी, पूर्ण मतदारसंघाची सभा. जागा आठ. हात वर झाले सहा. मी इकडेतिकडे पाहिलं आणि हात वर केला, सातवी. एक जागा तशीच रिकामी राहिली.

मला तो क्षण अजून विसरता येत नाही, कारण मी सांगलीची आहे आणि आमच्या घरात कार्यकर्ता म्हणजे काय ते मी लहानपणापासून पाहिलंय. माझे काका पंचवीस वर्षं एका पक्षाचं काम करत होते. सभा असली की सतरंज्या घालणं, उचलणं, भिंती रंगवणं, मतदानाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना रिक्षातून नेणं आणणं, सगळं. आणि तिकीट? ते मुंबईत नाहीतर दिल्लीत ठरायचं. शेवटच्या दिवशी एबी फॉर्म कुणाच्या हातात पडतो याकडे सगळे डोळे लावून बसलेले, आणि बऱ्याचदा तो आदल्या आठवड्यात पक्षात आलेल्या कुणाच्या तरी हातात पडायचा. काका दोन दिवस जेवायचे नाहीत धड, आणि तिसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या प्रचाराला बाहेर पडायचे. त्यांना उमेदवार कोण असावा हे कुणी एकदाही विचारलं नाही, पंचवीस वर्षांत एकदाही नाही. आणि इथे मला, सिटिझन होऊन जेमतेम दोन वर्षं झालेल्या बाईला, हात वर केल्याबरोबर तो अधिकार मिळाला.

काकांना फोन करून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, म्हणजे पोरी तुझ्या मताने ठरणार उभं कोण राहणार ते? म्हटलं हो काका, माझ्या आणि माझ्यासारख्या दीडेकशे जणांच्या. नीट ऐकून मग मत दे, म्हणाले, एवढंच.

कन्व्हेन्शन वसंतात होतं, शनिवारी, आणि दर वेळी आपल्या पाडव्याच्या कार्यक्रमाच्या आसपासच येतं. हायस्कूलच्या जिममध्ये, गळ्यात बिल्ला, डेलिगेटचा एका रंगाचा, आल्टरनेटचा दुसऱ्या. कुणी डेलिगेट आला नाही की त्याच्या जागी आल्टरनेटला बसवतात, म्हणून आल्टरनेट झालात तरी जा, हटकून बसायला मिळतं. मतदान सुरू झालं की दरवाजे बंद, आत-बाहेर जाता येत नाही. पाठिंबा मिळवायला डीएफएलमध्ये (डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर, म्हणजे इथला डेमोक्रॅटिक पक्ष, 1944 साली दोन पक्ष एकत्र येऊन झालेला) साठ टक्के मतं लागतात, नुसतं बहुमत पुरत नाही. त्यामुळे एका फेरीत संपत नाही, दुसरी फेरी, तिसरी, आणि प्रत्येक फेरीच्या मध्ये उमेदवार स्वतः तुमच्या खुर्चीपाशी येऊन गुडघे टेकून बसतो आणि विचारतो, तुम्हाला काय खटकतंय, सांगा. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पुढे आमदार झालेल्या बाईने माझ्याशी शाळेच्या बसच्या वेळांवर दहा मिनिटं वाद घातला!

पण मला खरं सांगायचंय ते त्या दुपारचं. राज्य पातळीच्या कन्व्हेन्शनला कोण जाणार हे ठरवायला इथे वॉकिंग सबकॉकस नावाची पद्धत आहे. ज्याला जो मुद्दा किंवा उमेदवार महत्त्वाचा वाटतो तो त्या नावाचा कागद हातात धरून जिममध्ये एका कोपऱ्यात उभा राहतो, बाकीचे चालत चालत आपापल्या कोपऱ्यात जातात. मग फ्रीझ अशी आरोळी होते, हलायचं नाही, आणि मोजणी. त्या दिवशी हॉलमध्ये साधारण एकशे साठ माणसं आणि निवडायचे डेलिगेट वीस, म्हणजे एका डेलिगेटमागे आठ माणसं. आठ नसतील तर तो गट मोडतो, माणसांनी दुसरीकडे जायचं.

बास्केटबॉलच्या रिंगखाली एक बाई उभी होती, पन्नाशीची, हातात जाड मार्करने लिहिलेला कागद, इन्सुलिन. तिच्या गटात सात जण. मी शिक्षणाच्या गटात होते, तिथे तीसेक होते. मोजणी झाल्यावर पुन्हा हलायला दहा मिनिटं देतात, तेव्हा ती प्रत्येक गटापाशी येऊन सांगत होती, मला एक माणूस हवाय. ओरडत नव्हती. कागदाचं वरचं टोक घामाने मऊ पडून वाकलं होतं, ते ती सारखं सरळ करत होती. तिच्याकडूनच मी पहिल्यांदा ॲलेक स्मिथबद्दल ऐकलं. मिनेसोटातलाच मुलगा, सव्वीस वर्षांचा झाला म्हणून आईच्या विम्यातून बाहेर पडला, इन्सुलिन आणि बाकी सामानाचा महिन्याचा खर्च तेराशे डॉलरच्या आसपास, तो परवडेना म्हणून पुरवून पुरवून घ्यायला लागला, आणि 2017 च्या जूनमध्ये महिन्याभराच्या आत गेला.

माझे बाबा मिरजेत रोज इन्सुलिन घेतात. फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या कप्प्याशेजारी बाटली असते, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडून काही शे रुपयांत येते, संपली की मी लहानपणी सायकलवर जाऊन आणलेली आहे. सायकलवर! आणि इथे जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात पोरगा त्याच औषधासाठी मेला. मी शिक्षणाचा गट सोडला आणि रिंगखाली जाऊन उभी राहिले. आठवी. त्या गटाला एक डेलिगेट मिळाला, तीच बाई गेली राज्याच्या कन्व्हेन्शनला.

2020 च्या एप्रिलमध्ये मिनेसोटात ॲलेकच्या नावाने कायदा झाला, ज्याला तातडीची गरज आहे त्याला तीस दिवसांचं इन्सुलिन जास्तीत जास्त पस्तीस डॉलरमध्ये. तो आमच्या जिममुळे झाला असं मी अजिबात म्हणणार नाही, तो त्याच्या आईवडिलांनी आणि शेकडो लोकांनी दोन-अडीच वर्षं विधिमंडळाचे उंबरे झिजवले म्हणून झाला. पण राज्यभर अशा कितीतरी खोल्यांतून तोच शब्द वर गेला असणार, एकेक माणूस करून.

आता जे खटकतं तेही सांगते, नाहीतर मी एकच बाजू मांडतेय असं होईल. सात वाजताची सभा म्हणजे रात्रपाळीच्या नर्सने काय करायचं? ज्याच्या घरी दोन लहान मुलं आणि सांभाळायला कुणी नाही त्याने काय करायचं? कायदा आहे तसा, मालकाला दहा दिवस आधी लेखी कळवलं तर कॉकससाठी सुट्टी नाकारता येत नाही, पण त्या वेळेचा पगार कापला जाऊ शकतो, आणि तासावर काम करणाऱ्याला तो कापून चालत नाही. येता आलं नाही तरी चिठ्ठी देऊन डेलिगेटसाठी नाव देता येतं, हे तर कुणाला माहीतच नसतं. त्यामुळे खोलीत बहुतेक निवृत्त, घर असलेली, वेळ असलेली माणसं, आणि ती पूर्ण गावासाठी ठरवतात. दुसरं म्हणजे पक्षाचा पाठिंबा म्हणजे शेवटचा शब्द नाही. 2018 लाच गव्हर्नरपदासाठी रॉचेस्टर शहरात झालेल्या राज्याच्या कन्व्हेन्शनने पाठिंबा दिला एरिन मर्फींना, आणि ऑगस्टच्या प्रायमरीत जिंकले टिम वॉल्झ. खूप डेलिगेट तेव्हा चिडले, आम्ही दिवसभर बसलो त्याचं काय म्हणाले. मला विचाराल तर प्रायमरीत लाखो लोक मत देतात, त्यांचाच शब्द मोठा असायला हवा. पण म्हणून कन्व्हेन्शन फुकट गेलं असं मला वाटत नाही, कारण आमदारकीच्या बहुतेक जागांवर पाठिंबा मिळालेल्या माणसाला आव्हानच नसतं, तिथे त्या जिममध्ये ठरतं तेच पुढे मतपत्रिकेवर येतं.

आणि दारं ठोठावण्याचं. पहिल्या दिवशी शिकवतात, पत्रक घराबाहेरच्या टपालपेटीत टाकायचं नाही, ते बेकायदेशीर आहे, दाराच्या मुठीला अडकवायचं. फोनवर ॲपमध्ये घरांची यादी असते, तिला टर्फ म्हणतात, एका दुपारी चाळीस-पन्नास घरं, त्यातली दहा-बारा दारं उघडतात. कंटाळवाणं वाटतं ना? 2024 ला मिनेसोटाच्या हाउसमध्ये (विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात) दोन्ही पक्ष 67-67 वर अडकले, आणि शाकोपी गावाकडची एक जागा वीसपेक्षाही कमी मतांनी ठरली. वीस! आपल्या मंडळाच्या एका पंगतीत त्याहून जास्त माणसं असतात.

आपली माणसं इथे मत देतात, काही जण भरभरून देणग्या देतात, बेळगावचे श्री ठाणेदार 2022 ला डेट्रॉइटमधून काँग्रेसवर निवडून गेले तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने फॉरवर्ड केलं. पण त्या शाळेच्या वर्गात मी आठ वर्षांत आपलं दुसरं माणूस पाहिलेलं नाही. एच-वन, ग्रीन कार्डची रांग, शाळा, म्हाताऱ्या आईवडिलांचा व्हिसा, या सगळ्यावर आपण व्हॉट्सॲपवर रात्र रात्र बोलतो, आणि जिथे कुणीही कागदावर ठराव लिहून आणू शकतं, वाचून दाखवू शकतं, तिथे जात नाही. तुमचा पक्ष माझ्यापेक्षा वेगळा असेल तरी जा. रिपब्लिकन पक्षाचं कॉकसही त्याच संध्याकाळी असतं.

पुढच्या कॉकसची तारीख लागली की मी इथेच टाकीन. प्रिसिंक्ट कोणता, शाळा कोणती, हे सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या साइटवर पत्ता टाकला की कळतं, कळलं नाही तर मला मेसेज करा, मी शोधून देईन. मुलांना कुठे ठेवायचं हा प्रश्न असेल तर आमच्या घरी ठेवा, माझी मुलगी सांभाळेल, तिने आधीच हो म्हटलंय. माझ्या गाडीत तीन जागा आहेत, साडेसहाला निघते.