‘गाठ तेवढीच आहे’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमची तक्रार अशी आहे: शेजारच्या काकांना किरणांचे तीस शेक दिले, आईला एकच. तोही डोकं हलू नये म्हणून मास्क करून चार दिवस ताटकळत ठेवून. पैसे मात्र भरपूर. आणि तीन महिन्यांनी जालन्यात एमआरआय केला तर कानाच्या नसेवरची गाठ तेवढीच, उलट जरा फुगलेली. ‘आमच्यावर प्रयोग केला’ असंही तुम्ही लिहिलंत. आईंच्या फाईलमधलं मी इथे काहीच लिहिणार नाही. तुम्ही स्वतः जे मांडलंय तेवढ्यावरच बोलतो, कारण बीड-परभणीकडून येणारे कितीतरी जण हे वाचून उपचार सोडतील, याची मला खरंच काळजी वाटते.

आधी गाठीचं बोलू. कानाच्या नसेवरची ही गाठ कॅन्सरची नसते, हळूहळू वाढते. रेडिओसर्जरीत, म्हणजे एकाच बैठकीतल्या या नेमक्या शेकात, आपण ती कापून बाहेर काढत नाही, तिच्या पेशींची वाढण्याची ताकद मोडतो. त्यामुळे गाठ जागेवरच राहते. वाढ थांबली, की उपचार लागू पडला, आणि दहातल्या नऊहून जास्त रुग्णांत ती थांबते. काहींची पुढच्या काही वर्षांत आकसते. पण सुरुवातीच्या महिन्यांत ती सुजून थोडी मोठी दिसणं हे बऱ्याच जणांत होतं. म्हणूनच पहिला एमआरआय आम्ही साधारण सहा महिन्यांनी सांगतो. तीन महिन्यांच्या फिल्मवरून ‘फेल गेलं’ असं कुणी म्हटलं असेल, तर ते फार घाईचं आहे.

काकांचा आजार वेगळा असणार. नेहमीच्या शेकात रोज साधारण २ ग्रे (किरणांचा डोस मोजायचं एकक) डोस देतात. इथे गाठीच्या कडेला १२ ते १३ ग्रे एकाच बैठकीत जातो. अनेक दिशांनी आलेले बारीक किरण गाठीवर एकत्र येतात, म्हणून वाटेतल्या मेंदूला फार थोडा डोस लागतो. चेहऱ्याची नस गाठीला चिकटून असते, मेंदूचा देठ लगतच. मिलिमीटरभर सरकलं तरी चालत नाही. ते चार दिवस त्यासाठीच लागतात: सीटी आणि एमआरआय एकमेकांवर जुळवायचे, प्रत्येक स्लाईसवर गाठ आणि नसा आखायच्या, फिजिसिस्टनी प्लॅन करायचा, मग रुग्णाला टेबलवर घेण्याआधी तोच प्लॅन फँटमवर, म्हणजे रुग्णाच्या जागी ठेवलेल्या नमुन्यावर, चालवून डोस मोजायचा. मोजमाप जुळलं नाही तर आम्ही शेक देत नाही, मग नातेवाईक कितीही चिडोत. मशीनखालचा अर्धा तास तेवढा तुम्हाला दिसला. पैसे या सगळ्या कामाचे आहेत.

प्रयोगाचं म्हणाल, तर स्वीडनच्या लार्स लेक्सेल यांनी ही पद्धत १९५१ मध्ये मांडली. जगभर ती रुळलेली आहे.

तिच्या मर्यादाही आहेत. गेलेलं ऐकणं परत येत नाही, आणि उरलेलं पुढे वर्षागणिक कमी होऊ शकतं. संमतीपत्रात हे मराठीत लिहिलेलं असतं, पण पुन्हा समजून घ्यायचं असेल तर जरूर विचारा.

आता विनंती. उपचाराआधीच्या आणि जालन्याच्या, दोन्ही एमआरआयच्या सीडी घेऊन ओपीडीत या. नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. दोन्ही फिल्म शेजारी लावून तुमच्यासमोर मोजू, त्याची फी घेणार नाही. तोवर या रिपोर्टवर ऑपरेशनची तारीख घेऊ नका. मात्र आईंचा चेहरा एका बाजूला वाकडा होत असेल, चालताना तोल जात असेल, किंवा डोकं दुखून उलट्या होत असतील, तर ओपीडीच्या दिवसाची वाट न पाहता लगेच घेऊन या.

— संचालक, किरणोपचार केंद्र, छत्रपती संभाजीनगर