बुलडोझरने खटला लवकर संपत नाही

“कोर्टात वर्षानुवर्षं तारखा, बुलडोझर एका दिवसात न्याय देतो. लोकांनी निवडून दिलेल्या सरकारच्या आड कोर्टाने येऊ नये. शिवाय बांधकाम बेकायदाच होतं.” हा मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय.

तारखांचा वैताग खराच आहे. पण आरोपीचं घर बुलडोझरने पाडल्याने खटला एका तारखेनेही पुढे सरकत नाही. साक्षी, पुरावे, उलटतपासणी, सगळं बाकीच राहतं. ज्याच्यावर अन्याय झाला तो कोर्टाच्या पायऱ्या झिजवतच राहतो. आरोपी निर्दोष सुटला तर पाडलेलं घर कोण परत देणार?

आणि शिक्षा होते कुणाला? ऑगस्ट २०२४ मध्ये उदयपूरला एका शाळकरी मुलाने वर्गमित्राला भोसकलं. त्यानंतर पाडलेलं घर मुलाच्या बापाचं नव्हतंच, तो तिथे भाडेकरू होता. गुन्ह्याशी काडीचा संबंध नसलेल्या घरमालकाचं घर गेलं आणि तो सुप्रीम कोर्टात गेला.

“बांधकाम बेकायदा होतं.” असेल. मग मंजूर नकाशाची आठवण दंगलीत नाव आल्यावरच कशी होते? त्याच गल्लीतली तशीच घरं उभी ठेवून एकच पाडलं, तर हेतूवर संशय येणारच. सुप्रीम कोर्टाच्या १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात न्या. गवई आणि न्या. विश्वनाथन यांनी हेच नोंदवलं. पंधरा दिवसांची नोटीस, बाजू मांडायची संधी, पाडकामाचं व्हिडिओ चित्रण आणि नियम मोडल्यास अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई, असं त्यांनी घालून दिलं. तरीही मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगलीतल्या आरोपीचं घर पाडलं गेलं. त्याची आई हायकोर्टात गेली आणि पुढच्या कारवाईला स्थगिती मिळाली. नंतर महापालिका आयुक्तांनी कोर्टाची माफी मागितली, म्हणे निकालाची माहितीच नव्हती! सामान्य माणसाची ही सबब कुठलं कोर्ट ऐकून घेईल?

राहिला “निवडून दिलेल्या सरकारचा” मुद्दा. मत देऊन आपण राज्य चालवायला माणसं निवडतो, गुन्हेगार कोण हे ठरवायला नाही. ते काम घटनेने न्यायाधीशांकडे दिलंय, कारण बहुमत आज एकाचं असतं, उद्या दुसऱ्याचं.

कोर्टाने सरकारचे हात बांधले, हेही खरं नाही. रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्ग, नदीपात्र यांवरची अतिक्रमणं त्या निकालातून वगळलेली आहेत. ती हटवायला पालिका आजही मोकळी आहे.