ती पर्स नाही, बादली आहे

पंखवाल्या, दाढीवाल्या दगडी पुरुषाचा तो फोटो तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. मनगटाभोवती लाल वर्तुळ, हातातल्या वस्तूकडे लाल बाण आणि खाली मजकूर: ‘६००० वर्षांपूर्वीचे सुमेरियन शिल्प! मनगटी घड्याळ आणि हँडबॅग! हे आकाशातून उतरलेले अनुनाकी. कोणी घडवले, कुणालाच ठाऊक नाही.’

ठाऊक आहे. आधी वय आणि गाव बघू. हे शिल्प सुमेरियन नाहीच. ते उत्तर इराकमधल्या निमरूदचं, म्हणजे जुन्या कल्हूचं. असिरियाचा राजा दुसरा अशुरनासिरपाल (इ.स.पू. ८८३ ते ८५९) याच्या राजवाड्याच्या भिंतीवरचा हा शिलापट. सुमेरियन नगरं दूर दक्षिणेला होती आणि त्यांची सत्ता याआधी हजारहून जास्त वर्षं मागे संपली होती. हेमाडपंती देऊळ दाखवून ‘हे सम्राट अशोकानं बांधलं’ म्हणावं, तशातली ही गत.

घड्याळाचं फार लांबवत नाही. ते कडं आहे, त्यावर पाकळ्यांचं फूल. तसंच कडं दुसऱ्याही मनगटात असतं, राजाच्या हातातही असतं. हेच फूल डोक्याच्या पट्ट्यांवर दिसतं, आणि तीनेक शतकांनंतर बॅबिलोनच्या इश्तार वेशीच्या निळ्या विटांवर त्याच्या रांगाच्या रांगा आहेत. वेशीला कोणी घड्याळं बांधत नाही.

हँडबॅग मात्र खरोखर मजेची. असिरियन लोकांच्या अक्कादी भाषेत तिचं नाव ‘बंदुद्दू’, म्हणजे बादली. फॉरवर्डमधला बाण डाव्या हातावर रोखलेला असतो, उजव्या हाताकडे कोणी बघतच नाही. त्या हातात देवदाराच्या बोंडासारखी वस्तू आहे, ‘मुल्लिलू’, म्हणजे शुद्ध करणारी. बादली आणि बोंड ही जोडी शुद्धीच्या विधीची. आंब्याच्या डहाळीनं कलशातलं पाणी घरभर शिंपडताना पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. असिरियन विधिग्रंथांत तर कृतीच दिली आहे: अशा पंखवाल्या रक्षकांच्या मातीच्या मूर्ती करा, त्यांच्या हातात अमुक वस्तू द्या आणि रोगराई, पीडा घरात शिरू नये म्हणून जमिनीखाली पुरा. अशा मूर्ती उत्खननात घरांच्या जमिनीखाली सापडल्याही आहेत.

‘कोणी घडवले ठाऊक नाही’ या वाक्याची तर कमाल आहे. त्या पंखवाल्याच्या अंगावरूनच आडवा कीलाक्षरी (खिळ्यांसारख्या अक्षरांतला) लेख गेलाय! राजाचं नाव, वंश, जिंकलेले मुलूख, राजवाड्याला वापरलेलं देवदाराचं लाकूड. पटामागून पट तोच मजकूर. शिवाय वास्तुशांतीच्या जेवणावळीचा वेगळा शिलालेख आहे: दहा दिवस, ६९,५७४ पानं. त्यातले ४७,०७४ स्त्री-पुरुष राज्यभरातून बोलावलेले, ५,००० परदेशी पाहुणे. राजानं आकडा फुगवला असेलही. पण पाहुणे भूमध्य समुद्रकाठच्या टायर, सिडॉन वगैरे ठिकाणचे. ग्रहाबिहाचं नाव नाही.

इंग्रज उत्खनक ऑस्टिन हेन्री लेयार्डनं १८४५ पासून निमरूदला खणायला घेतलं, तेव्हा शिल्पांचे खोके बसऱ्याहून मुंबईमार्गे लंडनला जात. काही असिरियन पट आजही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. फोटोवर वाद घालण्यापेक्षा तिकीट काढून पाहिलेलं बरं.

राहिले अनुनाकी, म्हणजे सुमेरियन पुराणकथांतले देव. ‘आकाशातून पृथ्वीवर आलेले’ हा अर्थ झेकारिया सिचिन या लेखकानं १९७६ मध्ये लोकप्रिय केला. सुमेरियन शब्दाचा अर्थ साधारण ‘थोर कुळाची संतती’ असा आहे. सिचिनचा हुकमी पुरावा म्हणजे बर्लिनच्या संग्रहालयातला व्हीए २४३ क्रमांकाचा प्राचीन शिक्का, ज्यात म्हणे सूर्याभोवती ग्रह कोरलेत. पण प्राचीन इराकमधल्या शिक्क्यांवर सूर्य काढायची ठरलेली रीत आहे: चकतीत चार टोकांचा तारा आणि मधून लहरते किरण. इथं ते काहीच नाही, नुसता तारा आहे. आणि शेजारच्या लेखात आहेत दोन माणसांची नावं: दुबसिगा, आणि ‘तुझा सेवक’ इली-इल्लात.