‘२७ उपकरणं, तीन भेटी, तरी रात्री वायफाय अडतंच’ या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुम्ही आमच्या सेवेला एक तारा दिलात आणि लिहिलंत, की आमचा माणूस तीन वेळा येऊन गेला, रिपीटर बसवला, आमच्या सांगण्यावरून १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केलात. तरी रात्री आठनंतर टीव्ही अडकतो, व्हिडिओ कॉल तुटतो, दारावरचा कॅमेरा ‘ऑफलाइन’ दिसतो आणि पाहुण्यांचे फोन ‘आयपी पत्ता मिळवत आहे’ एवढ्यावरच थांबतात. राउटर बंद-चालू केला की एखादा दिवस बरा जातो. शेवटी विचारलंत, राउटरच्या खोक्यावर ६४ उपकरणं लिहिली आहेत, घरात २७ आहेत, मग अडतं कुठे?

तक्रार रास्त आहे. तुम्ही लावलेले फोटो आणि आमच्या जॉब शीटवरच्या नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. प्लॅन वाढवायला सांगणं चुकलं, रिपीटर चुकीच्या जागी लागला, आणि तपासणी भर दुपारी राउटरपासून दोन हातांवर उभं राहून झाली. तिथे २८० चा वेग दिसणारच होता. रात्री वरच्या खोलीत काय होतं, ते त्यातून कळत नाही. तिन्ही चुका आमच्या, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. रिपीटर आम्ही परत नेऊ. त्याचे आणि तिन्ही भेटींचे पैसे पूर्ण परत मिळतील.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. ६४ हा आकडा राउटर किती उपकरणांची नोंद ठेवू शकतो, त्याचा आहे. एका चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या एका वाटेवर, मात्र एका वेळी एकच उपकरण बोलतं, बाकीच्यांना पाळीची वाट पाहावी लागते. म्हणून मोजायचं ते डोकी नव्हे, तर कोण किती वेळ पाळी अडवून बसतं ते. राउटरजवळचा फोन ३०० एमबीपीएसने जोडलेला असेल आणि लांबचा कॅमेरा ६ एमबीपीएसने, तर तेवढाच डेटा पाठवायला कॅमेऱ्याला साधारण पन्नासपट वेळ लागतो. तुमचा दारावरचा कॅमेरा काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे, लोखंडी फाटकाला लागून आहे. जॉब शीटवर त्याचा सिग्नल उणे ८२ डीबीएम लिहिलाय (हा आकडा शून्यापासून जितका लांब, तितका सिग्नल कमकुवत) आणि जोडणीचा वेग ६. त्याचं चित्रण साधारण २ एमबीपीएसचं आहे. म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या (वायफायच्या दोन पट्ट्यांपैकी एक, दुसरा ५ चा) चॅनेलवरचा किमान तिसरा हिस्सा वेळ तो एकटाच खातो. वर पोचपावत्या आणि पुन्हा पुन्हा पाठवणं वेगळंच. बल्ब, प्लग, प्रिंटर, जुना टॅब हे सगळे त्याच चॅनेलवर उरलेल्या वेळात पाळी शोधतात. प्लॅन ३०० चा केला काय किंवा ५०० चा, हा हिशोब बदलत नाही.

रिपीटरने यात भरच घातली. तुमचा रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच चॅनेलवर, त्यामुळे प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जातं. शिवाय आमच्या माणसाने तो फाटकाकडच्या खोलीत लावला, जिथे राउटरचा सिग्नल आधीच उणे ७८ होता. तिथून फोनवर पट्ट्या पूर्ण दिसतात, कारण फोन रिपीटरची पट्टी दाखवतो, राउटरची नाही. रिपीटर ते राउटर हा मागचा दुवा मात्र तेवढाच कमकुवत. रिपीटर लावायचाच तर राउटरचा सिग्नल उणे ६० ते ६५ मिळेल अशा मधल्या जागी लावावा. तुमच्या घरात तो नकोच. आजच प्लगमधून काढून ठेवा.

दुसरी गोष्ट तुमच्या दुसऱ्या फोटोत दिसते आणि आमच्याकडून तीन भेटींत सुटली, याचं जास्त वाईट वाटतं. फायबरचा डबा, म्हणजे ओएनटी, आणि आमचा राउटर एकाच फळीवर वीतभर अंतरावर आहेत आणि डब्याचं स्वतःचं वायफाय अजून चालू आहे. डबा चॅनेल ३ वर, राउटर ६ वर. २.४ मध्ये चॅनेल ५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत, पण सिग्नल साधारण २० रुंद असतो. म्हणून ३ आणि ६ एकमेकांवर चढतात. फक्त १, ६ आणि ११ हीच एकमेकांना न शिवणारी जागा. ३ वरचा आवाज ६ वाल्याला नीट समजत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो, आणि पाळी पाळली जात नाही. एकाच चॅनेलवर असते तर निदान एकमेकांसाठी थांबले असते. तेव्हा डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचं वायफाय बंद करायचं. राउटर डब्यापासून मीटरभर दूर, डोक्याएवढ्या उंचीवर, लोखंडी कपाट, आरसा, फ्रिज यांच्या आड येणार नाही असा ठेवायचा. मायक्रोवेव्हपासूनही लांब, कारण तोही २.४ च्याच पट्ट्यात आवाज करतो.

पाहुण्यांच्या फोनचं कोडं यापेक्षा सोपं आहे. घरातल्या प्रत्येक उपकरणाला राउटर एक क्रमांक देतो, तोच आयपी पत्ता. तुमच्या राउटरचा पत्ते वाटण्याचा पल्ला १९२.१६८.१.१०० ते १३१ असा आहे, म्हणजे फक्त ३२ पत्ते. एकदा दिलेला पत्ता २४ तास राखीव राहतो. २७ उपकरणं घरची; काल येऊन गेलेल्या पाच जणांचे फोन अजून पाच पत्ते धरून बसलेले; आजच्या पाहुण्याला काही उरत नाही. त्यात २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन खरा हार्डवेअर पत्ता (उपकरणाची स्वतःची ओळख) लपवून खोटा दाखवतात. डबा, राउटर आणि रिपीटर यांच्या वायफायची नावं वेगळी असतील तर बऱ्याचदा एकच फोन तीन वेगळ्या ओळखींनी हजर होतो. राउटर बंद-चालू केल्यावर बरं का वाटतं, तेही यातच आहे. बरेच घरगुती राउटर वाटपाची वही तात्पुरत्या मेमरीत ठेवतात. बंद केला की वही कोरी. राउटरच्या सेटिंगमधल्या डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, पानावर पल्ला (पत्त्याचा शेवटचा आकडा) २० ते २५० करा, मुदत ८ तास. २३१ पत्ते होतात, पुरून उरतात. २ ते १९ हे पत्ते प्रिंटर आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला कायमचे देता येतील. फक्त एक पाहा, पत्ते वाटणारा घरात एकच असावा. राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे नुसतं वायफाय देण्यासाठी, चालवला तर वाटप डब्याने करायचं आणि हाच पल्ला डब्यात भरायचा. डबा ब्रिज मोडला टाकला, म्हणजे तो फक्त लाइन पुढे देऊ लागला, तर वाटप राउटरने. ब्रिज मोडसाठी इंटरनेट कंपनीकडून लॉगिनचं नाव आणि पासवर्ड लागू शकतो, तो आधी मागून ठेवा.

रात्री आठचं काय? स्पीड टेस्टच्या फोटोत डाउनलोड २८० आहे आणि अपलोड ३०. सगळे घरी आले की फोनमधले दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढू लागतात. चार कॅमेरे मिळून ८ एमबीपीएस आधीच वर जात असतात. अपलोड भरला की बाहेर जाणारी पाकिटं राउटरच्या रांगेत तुंबतात, आणि त्या रांगेत तुमचा आवाज, कॉलचं चित्र, टीव्हीने मागितलेला पुढचा तुकडा सगळंच अडकतं. डाउनलोडचा वेग तेव्हाही कागदावर उत्तम असतो.

दोष हवेत आहे की रांगेत, हे घरच्या घरी कळतं, आणि ही चाचणी आमच्या माणसाने पहिल्याच भेटीत करायला हवी होती. त्रास चालू असताना लॅपटॉप टीव्हीजवळ घेऊन बसा. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरच्या पत्त्याला, म्हणजे १९२.१६८.१.१ ला, सतत पिंग (छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात येतं ते पाहणं), दुसरीत बाहेर इंटरनेटवरच्या ८.८.८.८ ला. राउटरचं उत्तर १० मिलिसेकंदांच्या आत स्थिर आणि बाहेरचं २० वरून ४०० वर गेलं, तर रांग तुंबली आहे. राउटरचंच उत्तर २००-३०० वर उड्या मारत असेल किंवा मधूनच गायब होत असेल, तर दोष हवेत आहे, बाहेरच्या लाइनचा नाही. दोन्ही खिडक्यांचे दोन-दोन मिनिटांचे फोटो काढून ठेवा. तुमच्याकडे दोन्ही दोष सापडतील असं आम्हाला वाटतं.

रांगेवर उपाय: राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (पाकिटांची रांग सांभाळणारी सोय) असेल तर तिथे अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के, म्हणजे ३० ला २६ ठेवा. मग रांग राउटरच्या ताब्यात राहते आणि लहान पाकिटांना आधी वाट मिळते. फोटोंचं बॅकअप चार्जिंगवर असतानाच, जमल्यास रात्री बारानंतर. कॅमेरे हालचाल दिसली तरच रेकॉर्ड करतील असे लावा.

हवेवरचा उपाय केबल. जे जागेवरून हलत नाही ते तारेवर घ्यायचं: दोन्ही टीव्ही, डेस्कटॉप, गेमचा डबा, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. वरच्या खोलीपर्यंत कॅट ५ई केबल आधीच गेलेली आहे, पण पोर्टवर १ गिगाबिटऐवजी १०० दिसतंय. १०० ला चारच तारा लागतात, पिन १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. म्हणजे बहुधा निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार कनेक्टरमध्ये पिनपर्यंत पोचलेली नाही. दोन्ही टोकं कापून नवी बसवू. क्रम नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. जोडीचा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत दाबलं गेलं पाहिजे. नाहीतर सहा महिन्यांनी ओढ बसून पुन्हा तीच तार सुटते. त्या केबलच्या वरच्या टोकाला, जिन्याच्या माथ्यावर, दुसरा ॲक्सेस पॉइंट लावू. घरात कुठेही सिग्नल उणे ६५ च्या खाली जाऊ नये, हे आमचं माप. दारावरच्या कॅमेऱ्यासाठी फाटकापर्यंत वेगळी तार ओढू.

चॅनेलचं थोडक्यात. २.४ ला रुंदी २० मेगाहर्ट्झच, खालच्या राउटरला चॅनेल १, वरच्या ॲक्सेस पॉइंटला ११. ५ गिगाहर्ट्झला खाली ३६, वर १४९. रुंदी ८०, शेजारची गर्दी फार दिसली तर ४०. ५२ ते १४४ टाळलेले बरे. तिथे रडारसाठी जागा सोडावी लागते, राउटर सुरू होताना किमान एक मिनिट नुसता ऐकत बसतो आणि रडारसारखं काही ऐकू आलं की मध्येच चॅनेल सोडतो. नावं दोनच ठेवा, कारण प्रत्येक नाव दर सेकंदाला साधारण दहा वेळा स्वतःची हाळी देतं, आणि २.४ वर तीही बहुधा सगळ्यात हळू वेगाने.

इथे एक काळजी घ्या. सध्याचं नाव आणि पासवर्ड २.४ लाच राहू द्या, तिथे सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२. नवं नाव ५ ला द्या. तुमचे चौदा बल्ब आणि प्लग फक्त २.४ ऐकतात, ते आपोआप जोडलेले राहतील. उलटं केलंत तर प्रत्येक बल्ब पाच वेळा बंद-चालू करून ॲपमध्ये पुन्हा घालावा लागेल. फोन आणि लॅपटॉप नव्या नावावर न्या, आणि त्यांच्यातून जुनं नाव विसरायला लावा.

एका मुद्द्यावर मात्र आम्ही सहमत नाही. ‘राउटरच टाकाऊ निघाला’ असं तुम्ही लिहिलंत. राउटर ठीक आहे, आणि घाईने वायफाय ६ चा नवा घेऊ नका. एकाच पाळीत अनेकांना वाटून देण्याची त्याची सोय उपकरणही वायफाय ६ चं असेल तरच उपयोगी. तुमचे बल्ब आणि कॅमेरे जुन्या पिढीचे आहेत. प्लॅनही पुन्हा १०० वर आणता येईल. ४के चित्राला १५ ते २५ एमबीपीएस पुरतात, दोन टीव्ही धरले तरी ५०, कॉलला ३-४. फक्त १०० च्या प्लॅनमध्ये अपलोड २० पेक्षा कमी नाही, एवढं विचारून घ्या.

या वेळी आमचा माणूस संध्याकाळी साडेसातला येईल, टीव्ही, कॅमेरे, कॉल सगळं चालू ठेवून नऊपर्यंत थांबेल आणि प्रत्येक खोलीतला सिग्नल आणि पिंगचे आकडे लिहून तुमच्या हाती देईल. दिवस तुम्ही कळवा. तोपर्यंत रिपीटर काढून ठेवणं, डब्याचं वायफाय बंद करणं आणि पत्त्यांचा पल्ला वाढवणं, एवढं करून पाहा. डब्याचा पासवर्ड त्याच्या तळाशी स्टिकरवर असतो. तो लागला नाही तर मागचं रीसेटचं भोक दाबू नका, लाइनची सेटिंग पुसली जाईल. आम्हाला फोन करा.